आरओमधला ‘ओ’

वाघोलीत पाण्याचा विषय निघाला की शब्द ठरलेले असतात. टँकर कधी आला, बोअरला पाणी किती उरलं, विरघळलेल्या क्षारांचा टीडीएस किती दाखवतोय, आणि मग आरओचा फिल्टर बदलला का. (टीडीएस म्हटल्यावर ज्यांना अजून पगारातून कापलेला कर आठवतो, त्यांनी नगर रस्त्यावर घर घेतलेलं नाही.) जून २०२१च्या अखेरीस २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत वाघोलीही आली. ग्रामपंचायत गेली, हे शब्द राहिले. ‘आरओ’तला ‘आर’ म्हणजे रिव्हर्स, हे पुष्कळांना ठाऊक असतं. ‘ओ’पाशी गाडी अडते.

तो ‘ओ’ ऑस्मॉसिसचा. मूळ ग्रीक ‘ओस्मॉस’, म्हणजे धक्का, ढकल. हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला, त्याचा अर्थ ढकलणं. व्युत्पत्तिकार त्याचं नातं संस्कृतातल्या ‘वध्’ म्हणजे प्रहार करणं या धातूशी जोडतात. ऑस्मियम नावाचा एक धातू आहे, त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. तो ग्रीक ‘ओस्मे’ म्हणजे वास यावरून आला, कारण त्याचं ऑक्साइड नाकाला झोंबतं.

धक्का हा शब्द इथे आला कसा? १७४८मध्ये फ्रान्सच्या आबे नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची कातडी बांधली आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी कातडी फुगून वर आली. पाणी आत शिरलं होतं, मद्यार्क मात्र तेवढ्या सहजी बाहेर पडला नव्हता. नोले यांनी नोंद केली, नाव दिलं नाही. नाव दिलं ते त्यांच्याच देशातल्या आंरी द्यूत्रोशे यांनी, १८२६च्या सुमारास. तेही एक नाही, दोन: आत जाणाऱ्या पाण्याला एन्डॉस्मोज आणि बाहेर येणाऱ्याला एक्सॉस्मोज. आतली ढकल आणि बाहेरची ढकल. या ढकलीमागे वीज असावी असा त्यांचा सुरुवातीचा तर्क होता. त्या काळी न उलगडणाऱ्या बऱ्याच गोष्टींच्या मागे वीज उभी केली जाई. १८५४मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस ग्रॅहम यांनी पुढचे उपसर्ग छाटले आणि उरलेला शब्द चालवला. लॅटिन शेपूट लागून त्याचं ऑस्मॉसिस पुढे झालं.

मराठीत या गोष्टीला दोन पारिभाषिक शब्द आहेत आणि दोघांच्या डोक्यात चित्रं वेगळी आहेत. शाळेच्या पुस्तकात आहे ‘परासरण’. परा म्हणजे पलीकडे, दूर. सरण म्हणजे सरकणं. पलीकडे सरकणं. ‘सृ’ धातूचं हे घराणं विज्ञानाच्या पुस्तकात फार फोफावलं आहे: प्रसरण, अभिसरण, अपसरण, विसरण. त्यांतलं ‘विसरण’ वर्गात हमखास हशा पिकवतं, कारण मराठी कानाला ते विसरणंच ऐकू येतं. विसरणं आलं ‘विस्मृ’वरून, विसरण आलं ‘विसृ’वरून, दोघांचा योग मराठीत जुळला आणि अत्तराचा वास खोलीभर पसरण्याच्या क्रियेला आपण विसराळू नाव देऊन बसलो. नुसतं ‘सरण’ म्हटलं तर आपल्याला चिता दिसते, ते आणखी वेगळंच. संस्कृत उपसर्ग लावून शब्द घडवताना तो मराठी तोंडात कसा वाजेल, हे कोणी मोठ्याने म्हणून पाहत नसावं.

दुसरा शब्द वाईच्या मराठी विश्वकोशातला: ‘तर्षण’. हा मला फार आवडतो. तृष् म्हणजे तहान लागणं. तृषा त्यातलीच, तृष्णाही. प्राकृतात तृष्णेची ‘तण्हा’ झाली आणि मराठीत तिची ‘तहान’. तेव्हा तर्षण आणि तहान ही सख्खी भावंडं, एक शालू नेसलेलं आणि एक घरच्या कपड्यांतलं. इंग्रजीतला ‘थर्स्ट’ आणि जर्मनमधला ‘दुर्स्ट’ हेही याच कुळातले. कुळाचा मूळ अर्थ कोरडं पडणं.

म्हणजे ग्रीक शब्द सांगतो, पाण्याला मागून कोणीतरी ढकललं. तर्षण सांगतो, समोरच्याला तहान लागली म्हणून त्याने ओढून घेतलं. परासरण काहीच सांगत नाही, फक्त पाणी सरकलं एवढी नोंद करतो. सरकारी कागदावर शोभेल असा तो शब्द आहे.

खरं काय घडतं? साधं पाणी आणि मिठाचं पाणी यांच्यामध्ये असा पडदा धरा, की ज्यातून पाणी जाईल पण मीठ जाणार नाही. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी ये-जा करतच असतात. मिठाच्या बाजूला मिठामुळे पाणी त्या मानाने विरळ, म्हणून तिकडून इकडे येणारे रेणू कमी आणि इकडून तिकडे जाणारे जास्त. बेरीज-वजाबाकी केली की पाणी मिठाकडे गेलेलं दिसतं. ढकलणारा कोणी नाही, तहानलेलाही कोणी नाही.

या पडद्यालाही दोन नावं आहेत. विश्वकोशी वळणाचं ‘अर्धपार्य पटल’ आणि शाळेतलं ‘निवडक्षम पारपटल’. इथे मी शाळेच्या बाजूने. अर्धं पार होणं असं काही तिथे नसतं. पाणी पूर्ण पार होतं आणि मीठ जवळजवळ अडतं. पडदा निवड करतो. पेशीच्या पडद्यात तर पाण्यासाठी खास वेगळे दरवाजे आहेत. अ‍ॅक्वापोरिन नावाची ती प्रथिनं पीटर अ‍ॅग्रे यांना तांबड्या रक्तपेशींत सापडली आणि त्यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोश बाजूला ठेवून ओट्यापाशी गेलं, तर मराठीने या व्यवहाराला फार आधीपासून शब्द दिलेला आहे. चोचवलेल्या काकडीला मीठ लागलं की तिला पाणी ‘सुटतं’. म्हणून तर कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालायचं. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की पाणी सुटतं, आणि त्या सुटलेल्या पाण्यात मसाला मिसळून जे होतं तो ‘खार’. सुटणं या क्रियापदाला कर्ता लागत नाही. काकडी पाणी सोडते असं आपण क्वचितच म्हणतो. काकडीला पाणी सुटतं. ढकल नाही, ओढ नाही, जे बांधलेलं होतं ते मोकळं झालं. भौतिकशास्त्राच्या सगळ्यांत जवळ जाणारा शब्द हाच, असं माझं मत.

उलट्या दिशेलाही शब्द आहे: ‘मुरणं’. मीठ सुरुवातीला पाणी बाहेर काढतं, मग दिवस जातात, फोडींच्या पेशी मरतात, त्यांचे पडदे निवड करेनासे होतात आणि मीठ-मसाला आत शिरतो. लोणचं मुरलं. म्हणजे सुटणं हे जिवंत पडद्याचं काम आणि मुरणं हे बरंचसं पडदा मेल्यानंतरचं. मीठ तीच गत लोणच्यावर बसू पाहणाऱ्या जिवाणूंची करतं: त्यांच्यातलंही पाणी बाहेर जातं आणि ते वाढू शकत नाहीत. मुरंब्यात हे काम साखरेचा पाक करतो. मुरंबा या शब्दात मात्र मुरणं नाही आणि आंबाही नाही. तो अरबी ‘मुरब्बा’. मूळ अर्थ जोपासलेला, वाढवलेला. मराठीने त्यात मुरणं आणि आंबा दोन्ही ऐकले आणि शब्द असा काही आपलासा केला, की त्याच्या धर्तीवर मोरावळाही घडवला. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणणाऱ्या भाषेकडून एवढं अपेक्षितच होतं.

खार म्हणजे क्षार. सुश्रुताने क्षाराची फोड ‘क्षरण’ किंवा ‘क्षणन’ अशी दिली आहे: जो झरतो वा झरवतो तो, किंवा जो नाश करतो तो. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ यात जळण्याचा धातूही पाहतात. पण क्षरण धरलं तर गंमत अशी, की ज्याचं क्षरण होत नाही ते ‘अक्षर’ आणि ज्याचं होतं तो क्षार.

लवणाचं मराठी रूप लोण. त्यावरून लोणचं, आणि लोणारही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची कथा लवणासुराशी जोडलेली आहे आणि तिथलं सरोवर खारं आणि अल्कधर्मी आहे. लोणी मात्र या घरचं नाही. ते नवनीतावरून आलं. जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचं कारण सांगितलं: हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव आणि त्यांचं रंगद्रव्य. साध्या पेशीतलं पाणी जिथे बाहेर ओढलं जाईल, तिथे हे जगतात कसे? यांतले बरेचसे स्वतःच्या आतच क्षार भरून ठेवतात. बाहेर जेवढं खारं तेवढंच आत खारं, मग पाण्याला कुठे जायचं कारणच उरत नाही.

उसाला ही सोय नाही. सांगली-कोल्हापूरकडे कालव्याच्या पाण्याने मीठ वर आलेल्या जमिनीला ‘क्षारपड’ म्हणतात. नेमका शब्द आहे: क्षाराने पड पडलेली. अशा रानात मुळांशी ओल असते, पण मातीतलं पाणीच इतकं खारट झालेलं असतं की मुळांना ते घेता येत नाही. पायाशी पाणी असून पीक सुकतं. तर्षण हा शब्द कुठे सार्थ होत असेल तर तिथे.

वाघोलीच्या बोअरचं पाणी तसं खारट नसतं, ‘जड’ असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, ज्याला फेस मुश्किलीने येतो ते. मला हा शब्द उच्चारायला जड वाटतो, पण त्याने पाण्याची परीक्षा नावातच सांगून टाकली आहे हे मान्य करायला हवं. शिवाय जड पाणी म्हणावं तर अणुभट्टीतलं ‘जड पाणी’ आडवं येतं, जे सर्वस्वी निराळं.

हा जडपणा येतो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, आणि ते पाण्याला भेटतात माती-खडकातून झिरपताना. वाघोलीखाली तो खडक म्हणजे काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. हा ट्रॅप सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतला जिना आहे, सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांवरून पडलेला. वाघोलीच्या दगडखाणींत या खडकाच्या पोकळ्यांमध्ये स्फटिक सापडतात. खाणीबाहेर त्यांना सरसकट गारगोट्या म्हटलं जातं, पण जगभरच्या खनिजसंग्राहकांना वाघोली हे नाव त्यांच्यामुळेच ठाऊक आहे. त्यांतला निळाभोर कॅव्हॅन्साइट प्रसिद्ध आहे. नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या तुकड्यांचं जोडलेलं आहे, त्यात काव्य काही नाही. खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, सर्वांत देखणे नमुने मात्र वाघोलीचे.

माझा जीव त्याच्या शेजारी बसलेल्या पांढऱ्या-गुलाबी स्टिल्बाइटवर. तो झिओलाइटच्या जातीतला. १७५६मध्ये स्वीडनच्या आक्सेल क्रोन्स्टेट यांनी अशा एका खनिजाला फुंकणीच्या ज्योतीत धरलं, तर ते फसफसलं. म्हणून त्यांनी ग्रीक ‘झेइन’ (उकळणं) आणि ‘लिथॉस’ (दगड) जोडून झिओलाइट हा शब्द केला: उकळणारा दगड. दगडाच्या सांगाड्यात रेणूंच्या मापाच्या खोल्या असतात आणि त्यांत पाणी असतं. तापवलं की पाणी जातं, पण बहुतेक झिओलाइटांचा सांगाडा कोसळत नाही. पुन्हा ओलावा मिळाला की पाणी परत येतं. खोल्यांतले सोडियमचे आयन देऊन पाण्यातला कॅल्शियम घेणं हेही त्यांना जमतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी मृदू करण्याची यंत्रं याच गुणावर निघाली. आता सोसायट्यांच्या सॉफ्टनरमध्ये झिओलाइटच्या जागी रेझिनचे मणी असतात, आणि ते थकले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. म्हणून गोड्या पाण्यासाठी इमारतीत मिठाची पोती चढतात.

सॉफ्टनर जडपणा घालवतो, टीडीएस घालवत नाही. त्यासाठी आरओ. साध्या ऑस्मॉसिसमध्ये पाणी क्षाराकडे जातं. क्षाराच्या बाजूने पुरेसा दाब दिला तर ते उलट फिरतं. किती दाब, ते खारटपणावर ठरतं. समुद्राच्या पाण्यासाठी निदान हवेच्या दाबाच्या २७ पट लागतो, बोअरच्या पाण्याला त्याचा अगदी लहानसा अंश. व्यवहारात चालेल असा पडदा तयार झाला १९५९-६०च्या सुमारास, कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या जोडीच्या हातून. सौरिराजन मूळचे तमिळनाडूचे. आणि इथे व्युत्पत्तीने गमतीदार पलटी खाल्ली आहे. मुळातल्या क्रियेत ढकल कुठेच नव्हती, तरी तिला ढकल हे नाव पडलं. ढकल खरोखर आहे ती आरओच्या पंपात, आणि तिथे आपण तिला ‘उलट’ म्हणतो.

आता पेशीकडे. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि मराठीत पेशी म्हणजे हिंदीची कोशिका. सुश्रुताच्या शरीरात पेशी ५०० आहेत आणि त्या मांसाच्या. स्नायू ९०० आहेत आणि ते बांधणाऱ्या दोऱ्यांसारखे. म्हणजे स्नायू आणि पेशी दोघांचेही मूळ अर्थ मराठीने बदलून टाकले, तक्रार कोणाची नाही. तशी तक्रार मला एका वेगळ्या शब्दाबद्दल आहे.

पेशी ज्या द्रावणात ठेवली तिथे ती फुगेल, आकसेल की तशीच राहील, यावरून द्रावणाचे तीन प्रकार करतात. इंग्रजीत ते हायपोटॉनिक, हायपरटॉनिक, आयसोटॉनिक. यांतला ‘टॉनिक’ ग्रीक ‘तोनॉस’वरून, म्हणजे ताण. आणि हा तोनॉस आपल्या ‘तन्’चा थेट नातलग. तन् म्हणजे ताणणं, पसरणं. त्यावरून तंतू, तांत, तंत्र, वंशाचा धागा लांबवणारी संतती, ताणून बारीक झालेली तनू, गवयाची तान आणि साधा मराठी ताण. औषधाच्या दुकानातली टॉनिकची बाटलीही याच घराण्यातली: ढिल्या पडलेल्या शरीराला ताण परत देणारी.

द्रावणांना हा शब्द लावला डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो दे व्हरीस यांनी, १८८४च्या त्यांच्या कामात. पानाची साल वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवायची आणि कोणत्या द्रावणात पेशीतला जीवद्रव्याचा गोळा भिंतीपासून सुटू लागतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. जिथे तो सुटण्याच्या बेतात असेल, ती द्रावणं एकमेकांशी समान ताणाची: आयसोटॉनिक. गोळा सुटण्याला शाळेत ‘रससंकोच’ म्हणतात, आणि तो शब्द चांगला आहे. या कामासाठी दे व्हरीस यांनी निवडलेल्या झाडांत एक होतं जांभळ्या पोटाच्या पानांचं ट्रॅडेस्कँशिया, म्हणजे ज्याला आपल्याकडे कॉलेजात ‘रिओ’ म्हणतात तेच. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात त्याचीच साल काढतात, कारण आतला रस जांभळा असल्याने आकसणं लगेच दिसतं. मूळ मध्य अमेरिकेचं हे झाड पुण्याच्या सोसायट्यांच्या कडेच्या वाफ्यांत रांगेने लावलेलं असतं. वाघोलीतही नव्या इमारतींच्या फाटकाशी ते असतं. पाणी मिळालं की पानं तलवारीसारखी उभी. या अवस्थेला मराठीत ‘टवटवीत’ आहे, आणि टम्म, तट्ट, टच्च अशी फुगीरपणाची अख्खी मोजपट्टी आहे. पेशींचा दाब बोटाने चाचपून ठेवलेली नावं वाटतात ती.

पुस्तकाने मात्र आयसोटॉनिकला केलं ‘समपरासारी’, हायपरटॉनिकला ‘अतिपरासारी’ आणि हायपोटॉनिकला ‘अवपरासारी’. ताण गेला, परासरण आलं. हे नुसतं रुक्ष नाही, अर्थाने चुकतं. द्रावणात एकूण किती कण विरघळले आहेत ही एक गोष्ट, आणि त्या द्रावणात पेशीचं काय होईल ही दुसरी. रक्ताइतक्याच कणसंख्येचं युरियाचं द्रावण करा. हिशेबाने ते समपरासारी. पण युरिया पेशीच्या पडद्यातून आत जातो, त्याच्यामागे पाणी जातं आणि तांबड्या पेशी फुगून फुटतात. म्हणजे परासरणाच्या कागदावर बरोबरी, पेशीच्या अंगाला मात्र ताणच ताण. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. मराठी विद्यार्थ्याला दोन्हीकडे एकच शब्द मिळतो.

दवाखान्यात हा फरक रोज कामाचा. ‘सलाईन लावली’ म्हणतो ती बहुधा लिटरमागे ९ ग्रॅम मिठाची. हा आकडा डच शरीरशास्त्रज्ञ हॅम्बर्गर यांच्या रक्तपेशींवरच्या प्रयोगांतून रुळला. नुसतं शुद्ध पाणी शिरेत सोडलं तर रक्तपेशी फुटतील. पाच टक्के ग्लुकोजची बाटली बाटलीत असताना समान ताणाची असते, पण शरीराने ग्लुकोज वापरून टाकलं की मागे उरतं ते जवळपास नुसतं पाणी. जुलाबात देतात त्या जलसंजीवनीतही हाच तोल आहे. मीठ-साखर हाताला येईल तेवढी घातली तर आतड्यातलं द्रावण जास्त ताणाचं होतं आणि शरीरातलंच पाणी आतड्यात उतरतं. तिची कणसंख्या जागतिक आरोग्य संघटनेने २००२च्या सुमारास लिटरमागे ३११ मिलिऑस्मोलवरून २४५वर आणली, ती याच हिशेबाने. या पुडीला जलसंजीवनी हे नाव ज्याने दिलं, त्याला परिभाषा समितीवर घ्यायला हवं होतं.

मग म्हणावं काय? समताण, अतिताण, ऊनताण. तन् आपला, ताण आपला, ग्रीकांनीही तोच वापरलेला. आक्षेप एकच येईल, की ताण म्हटल्यावर मुलांना परीक्षा आठवेल आणि वर्गात हशा होईल. ‘विसरण’लाही होतोच.